फ्लॅश कार्ट्रिजचे फर्मवेअर बदलताना: कोणता धोका खरा आणि कोणता नुसता भासतो

तुमचा प्रश्न असा आहे की, गेम बॉय ॲडव्हान्ससाठी एक आणि निन्टेंडो डीएससाठी एक अशी दोन फ्लॅश कार्ट्रिज, म्हणजे मेमरी कार्डावरचे खेळ कन्सोलवर चालवणारी कार्ट्रिज, तुमच्याकडे आहेत, डीएसच्या कार्ट्रिजने सुरू होतानाच 'अपडेट करा' असा संदेश दाखवायला सुरुवात केली आहे, त्याच्या नावाने इंटरनेटवर अनेक वेगवेगळ्या फाइली सापडतात, आणि चुकीची फाइल पडली तर कार्ट्रिज कायमचे निकामी होईल का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. काही करण्याआधी विचारलेत हे फार चांगले केलेत. दुरुस्तीसाठी माझ्यापर्यंत येणाऱ्या 'मेलेल्या' कार्ट्रिजपैकी बहुतेक खरे तर धडधाकट असतात. त्यांच्या मेमरी कार्डात दुसऱ्याच कार्ट्रिजच्या फाइली पडलेल्या असतात, इतकेच. जी थोडी खरोखर निकामी झालेली असतात, ती मात्र जवळजवळ सगळी एकाच प्रकारच्या अपडेटमुळे झालेली असतात, आणि पुष्कळदा त्या अपडेटची गरजच नव्हती असे चौकशीअंती कळते.

फ्लॅश कार्ट्रिजमध्ये बदलता येण्याजोगा कोड तीन ठिकाणी राहतो. पहिले ठिकाण मायक्रोएसडी कार्ड. खेळांची यादी दाखवणारा मेन्यू, सेव्ह हाताळणारा भाग, चीट वाचणारा भाग हे सारे इथे साध्या फाइलींच्या रूपात असते आणि त्यालाच सगळे कर्नल म्हणतात. दुसरे ठिकाण म्हणजे कार्ट्रिजच्या बोर्डावर सोल्डर केलेली फ्लॅश चिप. कन्सोल सुरू होताच त्याला मिळणारा पहिला कोड याच चिपमधून येतो. मेमरी कार्ड उघडून त्यातले कर्नल शोधणारा छोटासा बूटलोडर तिच्यात असतो. तिसरे ठिकाण काही कार्ट्रिजमध्येच असते: एफपीजीए नावाची चिप, जिची अंतर्गत रचनाच बदलता येते, आणि कन्सोलकडून पिनांवर येणारे संकेत कसे ओळखायचे व त्यांना कसे उत्तर द्यायचे हे ती रचना ठरवते.

पहिल्या ठिकाणी काहीही बिघडले तरी कार्ट्रिज मरत नाही. मेमरी कार्ड काढावे, संगणकाला जोडावे, जुन्या फाइली परत ठेवाव्यात, आणि कार्ट्रिज पूर्ववत सुरू होते. खरा धोका दुसऱ्या आणि तिसऱ्या ठिकाणी आहे, कारण तिथे लिहिणारा कोड स्वतःच कन्सोलवर चालत असतो आणि मध्येच थांबला तर पुन्हा सुरू करायला जागा उरत नाही. म्हणून कोणतीही अपडेट फाइल हाती आली की पहिला प्रश्न हाच विचारावा: ही फाइल मेमरी कार्डावर राहणार आहे, की चालवल्यावर कार्ट्रिजच्या पोटातले काही बदलणार आहे? सोबतच्या सूचनांत 'कॉपी करा' एवढेच असेल तर निश्चिंत राहावे. 'चालवा आणि पूर्ण होईपर्यंत बंद करू नका' असे असेल तर थांबून नीट वाचावे.

तुमच्या डीएसच्या कार्ट्रिजचे बघू. आर४ हे डीएसचे एक फ्लॅश कार्ट्रिज; त्याच्या मूळ प्रकाराचा बूटलोडर मेमरी कार्डावर एक विशिष्ट नावाची मेन्यू फाइल शोधतो. ती सापडली नाही तर पडद्यावर फक्त 'मेन्यू?' असा शब्द येऊन सारे थबकते. पुढे बाजारात आलेल्या नकलांनी आणि इतर उत्पादकांनी बूट फाइलीला आपापली वेगळी नावे दिली. कुणी तिला 'टीटी-मेन्यू' म्हटले, कुणी नुसते 'आर४', आणि अनेकांनी आपल्या फाइली वेगळ्या पद्धतीने सांकेतिकही केल्या. त्यामुळे लेबलवर मोठ्या अक्षरांत तेच नाव असलेल्या दोन कार्ट्रिजच्या आत पूर्ण वेगळे हार्डवेअर असू शकते, आणि एकाचे कर्नल दुसऱ्यात टाकले की 'लोडिंग'वर अडकलेला किंवा कोरा पांढरा पडदा दिसतो. तो पडदा पाहून घाबरू नये. बूटलोडर जिवंत आहे, त्याला हवी ती फाइल मिळालेली नाही, एवढाच त्याचा अर्थ बहुतेक वेळा असतो.

योग्य कर्नल कोणते, हे लेबलवरच्या मोठ्या नावावरून ठरवू नये. लेबलच्या कडेला बारीक अक्षरांत छापलेला संकेतस्थळाचा पत्ता हा त्याहून कितीतरी विश्वासार्ह पुरावा असतो. त्याहूनही भरवशाचा पुरावा म्हणजे सध्या चालत असलेल्या मेमरी कार्डाच्या मुळाशी, म्हणजे कोणत्याही फोल्डरच्या आत नसलेल्या, फाइलींची नावे. म्हणून हात लावण्याआधी संपूर्ण मेमरी कार्डाची प्रत संगणकावर घ्यावी, लपवलेल्या फाइली आणि फोल्डरही त्यात आले आहेत याची खात्री करावी, आणि मेन्यूतल्या माहितीच्या पानावर दिसणारी आवृत्ती लिहून ठेवावी. चालू स्थितीतली ही प्रत हाताशी असेल तर पहिल्या ठिकाणचा कोणताही प्रयोग निर्धास्तपणे करता येतो. ती नसेल तर साध्या फाइली बदलणेही अंधारात चाचपडण्यासारखे होते.

इतक्या वेगवेगळ्या फाइली का सापडतात, यामागे इतिहास आहे. निन्टेंडोने या कार्ट्रिजविरुद्ध अनेक देशांत दावे लावले. २००९ च्या फेब्रुवारीत टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने आर४ आणि तत्सम कार्ट्रिजची विक्री थांबवण्याचा आदेश दिला, आणि २०१० मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयानेही त्यांच्या विक्रीविरुद्ध निकाल दिला. मूळ उत्पादक हळूहळू नाहीसे झाले आणि त्यांची संकेतस्थळेही गेली. मूळ आर४ चे अधिकृत कर्नल १.१८ या आवृत्तीवर थांबले, आणि पुढची वर्षे वूड आर४ या स्वतंत्रपणे लिहिलेल्या कर्नलने ते कार्ट्रिज जिवंत ठेवले, तेही १.६२ नंतर थांबले. आज जे मिळते ते बहुतांशी लोकांनी जपून ठेवलेल्या संग्रहांतून मिळते. असे संग्रह जपणाऱ्यांचे काम मला मोलाचे वाटते, पण ज्या फाइलीसोबत कोणत्या कार्ट्रिजसाठी, कोणती आवृत्ती आणि तपासणीसाठी हॅश (फाइलीतल्या मजकुरावरून काढलेला, तिच्या ठशासारखा आकडा) हे तिन्ही दिलेले नाही, ती फाइल मी वापरत नाही. हॅश जुळवून पाहणे अवघड नाही. विंडोजमध्ये सर्टयुटिल आणि लिनक्समध्ये शा२५६सम ही आज्ञा त्यासाठी आधीपासूनच असते.

आता तुम्हाला दिसणाऱ्या संदेशाविषयी. डीएसच्या काही नकली कार्ट्रिजच्या कर्नलमध्ये तारखेचा सापळा घातलेला असतो. कन्सोलच्या घड्याळात ठरावीक तारीख उलटली की कर्नल खेळ सुरू करायला नकार देते आणि अपडेट करा असे सांगते. कार्ट्रिजमध्ये काहीच बिघडलेले नसते, आणि ज्या संकेतस्थळाकडे तो संदेश बोट दाखवतो तिथे काही उपयोगाचे असेलच असे नाही. तुमचे प्रकरण हेच आहे का, हे ओळखायची सोपी रीत अशी की, कन्सोलच्या सेटिंगमध्ये जाऊन वर्ष काही वर्षे मागे न्यावे आणि पुन्हा सुरू करून पाहावे. संदेश गेला तर सापळाच आहे, आणि बोर्डावरच्या चिपला हात लावायचे काही कारण नाही. वर्ष मागे ठेवून वापरणे हा एक मार्ग. ज्या खेळांना घड्याळ लागते त्यांचे मात्र त्यामुळे हाल होतात. त्याहून चांगला मार्ग म्हणजे त्या हार्डवेअरवर चालणारे दुसरे, सापळा नसलेले कर्नल किंवा ट्वायलाइट मेन्यू प्लस प्लससारखा मुक्त मेन्यू वापरणे. हा बदलही मेमरी कार्डावरच होतो, म्हणजे तो उलटवता येतो.

कर्नल बदलल्यावर 'माझे सगळे सेव्ह गेले' ही तक्रार हमखास येते, आणि बहुतेक वेळा सेव्ह जागेवरच असतात. एक कर्नल खेळाच्या नावापुढचे 'एनडीएस' काढून त्या जागी 'सॅव्ह' लावते, दुसरे मूळ नाव तसेच ठेवून त्याच्या पुढे 'सॅव्ह' जोडते. काही कर्नल सेव्हसाठी वेगळा फोल्डरच पाहतात. नव्या कर्नलला जुन्या नावाची फाइल दिसत नाही, ते कोरी फाइल तयार करते आणि खेळ पहिल्यापासून सुरू होतो. अशा वेळी खेळत राहू नये. संगणकावर दोन्ही फाइली शेजारी ठेवाव्यात, तारखा आणि आकार पाहावेत, आणि जुन्या फाइलीला नव्या पद्धतीचे नाव द्यावे. घरगुती सॉफ्टवेअर म्हणजे होमब्रू चालवणाऱ्यांना आणखी एक अडचण येते: खेळ सुरू होतो, पण त्याला मेमरी कार्डावरच्या फाइली दिसत नाहीत. होमब्रूला कार्ड वाचण्यासाठी डीएलडीआय नावाचा ड्रायव्हर लागतो, आणि तो प्रत्येक प्रकारच्या कार्ट्रिजसाठी निराळा असतो; नव्या मेन्यूने तो आपोआप जोडला नाही तर हाताने जोडावा लागतो.

गेम बॉय ॲडव्हान्सची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण तिथे सेव्ह अनेकदा बॅटरीवर टिकणाऱ्या रॅममध्ये राहतो. अनेक कार्ट्रिजमध्ये खेळ बंद केल्यावर सेव्ह लगेच मेमरी कार्डावर जात नाही. पुढच्या वेळी कार्ट्रिज सुरू झाले की मेन्यू तो रॅममधून उचलून कार्डावर लिहितो. म्हणजे शेवटचा खेळ खेळून तुम्ही थेट मेमरी कार्ड काढले आणि संगणकावर प्रत घेतली, तर त्या प्रतीत शेवटचा सेव्ह नसतो. अपडेटच्या आधी कार्ट्रिज एकदा मेन्यूपर्यंत सुरू करावे, सेव्ह लिहून होईपर्यंत थांबावे, मग बंद करून प्रत घ्यावी. एवढी एक सवय लावून घेतली तर पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

एव्हरड्राइव्ह जीबीए एक्स५ सारख्या कार्ट्रिजमध्ये मेन्यूची प्रणाली मेमरी कार्डावरच्या 'जीबीएसिस' या फोल्डरमध्ये असते. तो फोल्डर बदलला की काम झाले. ईझेड-फ्लॅश ओमेगामध्ये मात्र कर्नल कार्ट्रिजच्या आतल्या फ्लॅशमध्ये लिहिले जाते. 'ईझेडकर्नल' नावाची बिन फाइल मेमरी कार्डाच्या मुळाशी ठेवायची, आर बटण दाबून धरायचे, कन्सोल सुरू करायचा, आणि लिहिण्याचे काम संपेपर्यंत हात बाजूला ठेवायचे. याच कार्ट्रिजच्या डेफिनिटिव्ह आवृत्तीचे कर्नल वेगळे असते आणि तिच्या फाइलीचे नावही वेगळे असते. दोन्हींचा घोळ घालू नये. फाइलीचे नाव अक्षरशः तंतोतंत हवे. दुसऱ्यांदा डाउनलोड केल्यावर ब्राउझर नावापुढे कंसात आकडा जोडतो, विंडोज शेवटची तीन अक्षरे लपवत असल्याने नाव बदलताना 'बिन' दोनदा लागते, आणि मग बूटलोडर काहीच न सापडल्यासारखा वागतो. त्यातून 'अपडेट होत नाही' असा निष्कर्ष काढला जातो. फाइलींची विस्तारनावे दिसतील अशी सेटिंग आधी करावी, झिप उलगडताना फोल्डरच्या आत फोल्डर तयार झालेला नाही ना ते पाहावे, आणि मॅकवरून कॉपी केली असेल तर ठिपका आणि अधोरेषेने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइली पुसून टाकाव्यात.

ओमेगाचे नवे कर्नल काही वेळा सोबत एफपीजीएचे फर्मवेअरही घेऊन येते आणि पहिल्यांदा सुरू झाल्यावर ते लिहू का, असे विचारते. हा वर सांगितलेला तिसरा प्रकार. इथे बटण दाबण्याआधी बॅटरी पाहावी. एवढे का जपायचे, तर फ्लॅश चिपमध्ये जुन्यावर नवे थेट लिहिता येत नाही. आधी एक संपूर्ण ठोकळा पुसून त्यातले सर्व बिट १ करावे लागतात, आणि लिहिताना फक्त १ चा ० करता येतो. पाटी पुसून झाली आहे आणि नवे अक्षर अजून उमटलेले नाही, अशा क्षणी वीज गेली तर कन्सोलला वाचायला काहीच उरत नाही. मूळ गेम बॉय ॲडव्हान्स दोन एए सेलवर चालतो, आणि मेमरी कार्ड १०० मिलिअँपिअर किंवा त्याहूनही अधिक प्रवाह क्षणभर ओढू शकते. उतरत्या सेलवर मेन्यू व्यवस्थित दिसतो, पण वाचणे आणि लिहिणे एकदम सुरू झाले की दाब खाली बसतो. हिरवा दिवा लाल झालेला असताना अपडेट करणे म्हणजे संकटाला निमंत्रण. नवे सेल घालावेत, गेम बॉय ॲडव्हान्स एसपी किंवा डीएस असेल तर चार्जर जोडून ठेवावा, आणि नंतर बसवलेला आयपीएस पडदा असेल तर त्याचा उजेड कमी करावा, कारण तो पडदा मूळ पडद्यापेक्षा बरीच जास्त वीज खातो. कार्ट्रिजच्या पिनाही आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्याव्यात. लिहिताना कार्ट्रिज किंचित हलले आणि संपर्क तुटला तरी परिणाम वीज जाण्यासारखाच होतो.

मेमरी कार्डाविषयी फार लिहीत नाही. एफएटी३२, ३२ केबीचे क्लस्टर, आणि मूळ आर४ असेल तर २ जीबीपेक्षा मोठे कार्ड नको, कारण त्याला एसडीएचसी, म्हणजे २ जीबीपेक्षा मोठ्या कार्डांचा प्रकार, कळतच नाही. ६४ जीबी आणि त्यापुढची कार्डे एक्सफॅट स्वरूपात येतात, ती बहुतेक कर्नलना वाचता येत नाहीत. कार्ड खोट्या क्षमतेचे नाही ना, हे एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ या तपासणीच्या प्रोग्रॅमने एकदा पाहावे.

डीएसआय आणि थ्रीडीएस हे डीएसनंतरचे कन्सोल वापरणाऱ्यांसाठी मात्र सविस्तर सांगायला हवे. डीएस आणि डीएस लाइटचे फर्मवेअर नेटवरून बदलत नाही, त्यामुळे तिथे चालणारे कार्ट्रिज चालतच राहते. डीएसआयचे तसे नाही. फ्लॅश कार्ट्रिज कन्सोलसमोर स्वतःला एखादा खरा विकला गेलेला खेळ म्हणून सादर करते. म्हणूनच मुख्य पडद्यावर भलत्याच खेळाचे चित्र दिसते. २००९ मध्ये आलेल्या डीएसआयच्या १.४ आवृत्तीने हे सोंग ओळखून कार्ट्रिज अडवली, आणि उत्पादकांना सोंग बदलणारे अपडेट काढावे लागले. ते सोंग बोर्डावरच्या फ्लॅश चिपमध्ये असते, म्हणजे हे दुसऱ्या ठिकाणचे अपडेट, आणि त्यातला पेच असा की, अडवले गेलेले कार्ट्रिज त्या कन्सोलवर सुरूच होत नाही, तर अपडेट करणारा प्रोग्रॅम चालवायचा कुठे? एसकार्ड २आय हे फ्लॅश कार्ट्रिज वापरणाऱ्यांना त्या वेळी जुना डीएस किंवा डीएस लाइट कुणाकडून तरी मागून आणावा लागत असे. म्हणून माझा सल्ला असा आहे की, डीएसआय किंवा थ्रीडीएसचे सिस्टिम अपडेट करण्याआधी कार्ट्रिज त्या आवृत्तीवर चालते का हे पाहावे, आणि जुना डीएस हाताशी असेल तर तो मोडीत काढू नये.

थ्रीडीएसच्या बाबतीत आणखी सावध राहावे. २०१४ च्या सुरुवातीला एका फ्लॅश कार्ट्रिजच्या नव्या फर्मवेअरमध्ये, नक्कल कार्ट्रिज आढळल्यास कन्सोलच बंद पाडणारा कोड असल्याचे उघडकीस आले होते, आणि त्यात लोकांचे कन्सोल खरोखर गेले. त्यामुळे स्रोत कोड उघड असलेले कर्नल मिळत असेल तर मी तेच निवडतो. ओमेगाच्या कर्नलचा स्रोत कोड उत्पादकानेच प्रसिद्ध केला आहे, ही त्या कार्ट्रिजची मोठी जमेची बाजू आहे. २०१७ मध्ये एनटीआरबूट ही पद्धत आली, तिच्यात डीएसच्या काही ठरावीक कार्ट्रिजची फ्लॅश नव्याने लिहून त्यांच्यावरून थ्रीडीएस सुरू करता येतो. उपाय उत्तम आहे, पण तसे लिहिल्यावर ते कार्ट्रिज बहुतेक वेळा डीएसचे खेळ चालवत नाही, आणि काही कार्ट्रिज पुन्हा पूर्वपदावर आणता येत नाहीत. लिहिण्याआधी मूळ फ्लॅशची प्रत काढून ठेवण्याची सोय त्याच साधनात असते. ती पायरी कधीही गाळू नये.

एवढे सगळे वाचून अपडेट करावे की नाही, असा प्रश्न पडेल. तुमचे एखादे होमब्रू चालत नाही, सेव्ह नीट लिहिला जात नाही, किंवा नव्या आवृत्तीच्या टिपणात तुमचीच अडचण सोडवल्याचे स्पष्ट लिहिले आहे, तर करावे. आवृत्तीचा आकडा मोठा आहे, एवढ्यासाठी मेमरी कार्डावरचे कर्नल बदलले तरी चालेल, पण चिप आणि एफपीजीए बदलू नयेत.

आणि एखादे कार्ट्रिज खरोखरच गेले तर? आधी दुसरे, लहान, नव्याने फॉरमॅट केलेले मेमरी कार्ड आणि त्यात फक्त मूळ कर्नल एवढेच घेऊन पाहावे. तरीही कन्सोलला कार्ट्रिज घातल्याचे कळतच नसेल, तर फ्लॅश चिप कोरी झाल्याची शक्यता आहे. कस्टम फर्मवेअर (उत्पादकाचे नसलेले, बदललेले फर्मवेअर) बसवलेला थ्रीडीएस कुणाकडे असेल तर तो सुरू न होणाऱ्या कार्ट्रिजशीही थेट बोलू शकतो, आणि एनटीआरबूटच्या साधनाला ओळखता येणाऱ्या कार्ट्रिजची फ्लॅश त्यातून परत लिहिता येते. ते नसेल तर कार्ट्रिज उघडून पाहावे. आठ पायांची एसपीआय फ्लॅश चिप वेगळी दिसत असेल तर तिच्यावर क्लिप लावून सीएच३४१ए सारख्या प्रोग्रॅमरने, नेमक्या तशाच बोर्डाच्या चालू कार्ट्रिजमधून घेतलेली प्रत लिहिता येते. मात्र त्या प्रोग्रॅमरच्या स्वस्त बोर्डांपैकी अनेकांच्या डेटा पिनांवर ३.३ व्होल्टऐवजी ५ व्होल्ट येतात, म्हणून जोडण्याआधी मल्टिमीटरने मोजावे. चिपच्या जागी काळ्या इपॉक्सीचा गोळा असेल, तर क्लिप लावायला पाय मिळत नाहीत आणि या मार्गाने ते कार्ट्रिज परत आणता येत नाही.